दख्खन : उजव्या हाताचा मुलूख

(मंडळाच्या गणेशोत्सवात हैदराबाद येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवून थोडा आवरता घेतला आहे.)



आरती आणि महाप्रसाद यांच्या मध्ये व्याख्यान ठेवायचं ही आपल्या मंडळाची जुनी युक्ती आहे. श्रोते पळून जात नाहीत. मसालेभाताचा वास मलाही येतो आहे, तेव्हा मी तुमचा अंत पाहणार नाही. आज मला फक्त एका शब्दाबद्दल बोलायचं आहे. तो शब्द आपण रोज ऐकतो, वाचतो, पाट्यांवर बघतो, पण त्याच्याकडे लक्ष जात नाही. तो शब्द म्हणजे ‘दख्खन’.

मी इतिहासाचा माणूस नाही. पस्तीस वर्षं यंत्रावर काम केलेला माणूस आहे. या शब्दाच्या नादी मी लागलो तो एका कागदामुळे. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, वारले तेव्हा त्यांची पत्र्याची पेटी उघडली. आमचं गाव बीड जिल्ह्यात, केज तालुक्यात. अण्णांचं शिक्षण निजामाच्या राजवटीतलं, म्हणजे उर्दूतून. पेटीत सातबाराचे उतारे, पंचांगं आणि तळाशी घडी घातलेला एक पिवळा कागद होता. सगळा मजकूर उर्दूत. मला काही वाचता येईना. इथं आणून आमच्याच विभागातल्या एका सहकाऱ्याला दाखवला. त्यांनी वाचलं आणि हसून म्हणाले, “साहब, आप के वालिद तो मुल्की थे!”

मुल्की म्हणजे या मुलखातला, इथला. निजामाने १९१९ मध्ये नियम केला होता की सरकारी नोकरी मुल्कींनाच मिळेल, आणि मुल्की ठरायला राज्यात १५ वर्षांचं वास्तव्य लागेल. त्या वेळचं हैदराबाद संस्थान १६ जिल्ह्यांचं होतं. आठ तेलंगणातले, पाच मराठवाड्यातले, तीन कानडी मुलखातले. त्यामुळे केजच्या माझ्या अण्णांना हैदराबादच्या सरकारने रीतसर दाखला दिला होता की हा माणूस इथला आहे.

पुढे १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं आणि १ नोव्हेंबर १९५६ ला त्याचे तीन तुकडे तीन राज्यांत गेले. मी १९७८ साली नोकरीसाठी इथं आलो तेव्हा परराज्यातला होतो. माझ्या मुलीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा फॉर्म २००० साली भरला. त्यात ‘लोकल की नॉन-लोकल’ असा रकाना होता. तिची सगळी शाळा इथंच झालेली, म्हणून ती लोकल. मला विचारलं असतं तर मी नॉन-लोकल. म्हणजे बघा, आजोबा मुल्की, बाप बाहेरचा आणि नात इथली. माणसं तीन, पिढ्या तीन, आणि जमीन तीच. तेव्हा मला वाटलं की या जमिनीचं स्वतःचं नाव काय आहे ते एकदा नीट बघावं.

अण्णांची पोस्टकार्डं यायची त्यावर पत्त्याच्या शेवटी ते न चुकता लिहायचे, ‘हैदराबाद (दख्खन)’. पिनकोड लिहायचे नाहीत, पण दख्खन लिहायचे. कारण साधं होतं. दुसरं एक हैदराबाद सिंधमध्ये आहे आणि त्यांच्या तरुणपणी दोन्ही एकाच देशात होती. पत्र चुकून तिकडे जाऊ नये म्हणून ही सवय. आपल्या नामपल्ली स्टेशनला आजही ‘हैदराबाद डेक्कन’ म्हणतात, ते यामुळेच.

आता शब्दाचा अर्थ. संस्कृत ‘दक्षिण’, प्राकृतात त्याचं ‘दक्खिण’, पुढे दक्खन, दख्खन, आणि इंग्रजांच्या तोंडी डेक्कन. पण दक्षिण या शब्दाचे मुळात दोन अर्थ आहेत. एक दिशा आणि दुसरा उजवा. सकाळी उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहा. समोर पूर्व, पाठीमागे पश्चिम आणि उजव्या हाताला दक्षिण. आपण देवाला प्रदक्षिणा घालतो ती देव उजव्या हाताला ठेवून. उजव्या सोंडेच्या गणपतीला दक्षिणमूर्ती म्हणतात आणि त्याचं सोवळं कडक असतं, हे इथल्या गृहिणींना मी सांगायला नको. तेव्हा दख्खन म्हणजे उजव्या हाताचा मुलूख.

पण कोणाच्या उजव्या हाताचा? गंमत इथं आहे. दिशेचं नाव हे बघणारा कुठे उभा आहे त्यावर ठरतं. गंगेकाठी उभं राहून पूर्वेकडे तोंड केलं, तर आपण उजवीकडे. कन्याकुमारीला उभं राहिलं तर आपण चक्क उत्तर! म्हणजे हे नाव उत्तरेकडून बघणाऱ्याच्या नजरेतलं आहे. जुने उल्लेखही तसेच सापडतात. पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’ नावाचा ग्रीक भाषेतला एक ग्रंथ आहे, दर्यावर्दी व्यापाऱ्यांसाठी लिहिलेला. त्यात भडोचच्या खालच्या प्रदेशाला ‘दखिनाबादेस’, म्हणजे दक्षिणापथ म्हटलं आहे, आणि तिथल्या पैठण आणि तगर या बाजारपेठांची नावं दिली आहेत. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं आपलं तेर. इसवी सन १५० च्या सुमाराचा रुद्रदामनाचा जुनागढचा शिलालेख ‘दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी’ असं म्हणतो, पण कशासाठी, तर त्याला दोनदा हरवलं हे सांगण्यासाठी. समुद्रगुप्ताच्या प्रयागच्या स्तंभावरही दक्षिणापथाच्या राजांची यादी आहे, तीही जिंकल्याची. पुढे इथल्या राजांनी हेच नाव बिरुद म्हणून मिरवलं, हा भाग वेगळा.

बघणारा बदलला की नाव बदलतं याचं घरचं उदाहरण देतो. कोकणातला माणूस याच पठाराला ‘देश’ म्हणतो. तो ‘देशात’ जात नाही, ‘देशावर’ जातो, कारण त्याला घाट चढावा लागतो. त्याच्या दृष्टीने हा मुलूख दक्षिण नाही, वर आहे. देशस्थ हा शब्द त्यातूनच आला. आणि तोच घाट उतरून मुंबईला गेलेल्याला मुंबईकर ‘घाटी’ म्हणायला लागले. शब्द साधा, घाटावरचा एवढाच अर्थ, पण म्हणण्याची तऱ्हा अशी की तो शिवीसारखा लागावा. नावात वाईट काही नसतं, ते कोण कोणाला कसं म्हणतं यात सगळं असतं. हे जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता या नावाच्या रोजच्या वापराकडे या. औरंगजेबाच्या काळात दख्खन म्हणजे सहा सुभे : खानदेश, वऱ्हाड, औरंगाबाद, बीदर, विजापूर आणि हैदराबाद. एवढा मोठा मुलूख. आज पुण्याच्या माणसाला विचारा, दख्खन कुठे आहे? तो म्हणेल, “डेक्कन ना? लकडी पुलापलीकडे.” १९०६ साली डेक्कन जिमखाना निघाला आणि सहा सुभ्यांचं नाव एका बस थांब्यावर येऊन बसलं. “मी डेक्कनला उतरतो, तू ये” असं पुणेकर म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात गोदावरी नसते, उभं राहायला सावली कुठे मिळेल हे असतं! पुणे-मुंबई धावणारी डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली, तिला आपण प्रेमाने दख्खनची राणी म्हणतो. राजा मात्र कोल्हापूरजवळ डोंगरावर आहे, दख्खनचा राजा जोतिबा. टिळक-आगरकरांची डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ ची. इकडे हैदराबादेत ‘डेक्कन क्रॉनिकल’, तिकडे बंगळुरूत ‘डेक्कन हेरल्ड’. २००९ साली आयपीएल जिंकलेला आपला क्रिकेटचा संघसुद्धा डेक्कन चार्जर्स. तो संघ आता राहिला नाही, पण ज्यांनी त्या वर्षी फटाके उडवले ते इथं बसलेले आहेत.

म्हणजे पुणेकराला वाटतं डेक्कन पुण्याचं, हैदराबादकराला वाटतं आपलं, आणि बंगळुरूच्या माणसाला तिसरंच काही. तिघंही खरं बोलतात. कारण जमीन एक आहे. पुण्याची उंची समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर, हैदराबादची ५४०. घाट चढून पुण्यात आलात की पुढे हैदराबादपर्यंत त्याच ओट्यावर चालत आल्यासारखं आहे. पठाराचा पश्चिमेकडचा काठ उंच आणि उतार पूर्वेला. म्हणून त्र्यंबकेश्वरला, अरबी समुद्र एवढा जवळ असताना, गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. महाबळेश्वरची कृष्णाही तशीच.

दगड मात्र दोन तऱ्हेचे आहेत. आमच्या बीडकडचा काळा पाषाण म्हणजे ज्वालामुखीचा लाव्हा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. थरावर थर बसून पायऱ्यांसारखे डोंगर झाले, म्हणून भूशास्त्रज्ञ त्याला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. यातला ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे, उत्तर युरोपातल्या भाषांमधला पायरी या अर्थाचा शब्द आहे. हा खडक जवळजवळ पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरला आहे. पूर्वेकडे येताना बीदरला तांबडा जांभा लागतो आणि हैदराबादला येईपर्यंत बंजारा हिल्सचे ते एकमेकांवर रचून ठेवल्यासारखे मोठाले गोटे. ते ग्रॅनाइट, वय सुमारे अडीचशे कोटी वर्षं. तेव्हा कोणाला आपल्या जुनेपणाचा फार अभिमान असेल तर या गोट्यांसमोर जरा दमानं घ्यावं.

वरचा दगड बदलला तरी माणसाचं जगणं फारसं बदललेलं नाही. आमच्याकडे जोंधळा, इथं जोन्नलु. आमची भाकरी, इथं जोन्न रोट्टे, कानडी मुलखात जोळद रोट्टी. धनगराच्या खांद्यावर आमच्याकडे घोंगडी, आणि तेलंगणातल्या कुरुमाच्या खांद्यावर गोंगडी. एका अक्षराचा फरक. दोघांची मेंढरं एकाच जातीची, आणि सरकारी पशुवैद्यकीय पुस्तकात तिचं नाव दख्खनी मेंढी.

आता माणसांकडे येतो. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीहून दौलताबादला राजधानी हलवण्याचा घाट घातला. शिपाई, कारकून, व्यापारी, फकीर असे कितीतरी लोक इकडे आले. राजधानी परत गेली, पण बरेच लोक राहिले. १३४७ मध्ये दौलताबादलाच बहमनी राज्य उभं राहिलं, मग ते गुलबर्ग्याला आणि तिथून बीदरला गेलं. उत्तरेतून आलेल्या त्या लोकांची नातवंडं-पतवंडं स्वतःला काय म्हणवू लागली? दख्खनी. आणि इराण, इराक, मध्य आशियातून नवीन माणसं नोकरीला येऊ लागली, त्यांना त्यांनी नाव दिलं ‘आफाकी’, म्हणजे क्षितिजापलीकडचे. परदेशी. आज्याने बैलगाडीतून उतरून दहा वर्षं परकेपणाचे टोमणे खाल्ले असतील, आणि नातू घोड्यावरून आलेल्याला बाहेरचा म्हणतो आहे!

हा नुसता शब्दांचा खेळ नव्हता. दख्खनी आणि आफाकी असे दरबारात दोन तट पडले. बहमनींचा कर्तबगार वजीर महमूद गावान हा इराणातला, गिलानचा. बीदरला त्याने बांधलेला मदरसा अजून उभा आहे, सहलीला गेलेल्यांनी पाहिला असेल. त्याच्या नावाने खोटं पत्र तयार करून सुलतानापुढे ठेवलं गेलं, आणि १४८१ मध्ये त्याचं डोकं उडवलं. त्यानंतर काही वर्षांत बहमनी राज्याचे पाच तुकडे झाले. कोण इथला आणि कोण बाहेरचा या भांडणात घर बुडालं.

पण त्याच लोकांनी एक गोड गोष्टही केली. त्यांनी भाषा घडवली. दिल्लीकडची बोली इथं येऊन मराठी, तेलुगू, कानडीच्या शेजारी राहिली आणि तिची दख्खनी झाली. मी इथं नवीन होतो तेव्हा मोअज्जम जाही मार्केटमध्ये एका फळवाल्याला सुटे पैसे देऊ लागलो. तो म्हणाला, “नक्को साब.” मला वाटलं बुवा मराठी आहे! मी धडाधडा मराठीत सुरू झालो आणि तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. आपला ‘नको’ त्यांच्याकडे पाचसहाशे वर्षं मुक्कामाला आहे. आणि आपला ‘च’ तर त्यांनी असा उचलला की आपल्याला परत मागायची सोय नाही. ‘ऐसाइच’, ‘मैंइच’, ‘आजीच आया’. मराठी माणूस इथं यायच्या आधी मराठीचा ‘च’ येऊन बसला आहे.

आता तुम्हाला एक प्रसंग सांगतो आणि आवरतं घेतो. २०१६ चा उन्हाळा आठवतो का? मांजरा नदी आमच्या बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरात उगवते. केज तालुक्यात धनेगावला तिच्यावर धरण आहे, त्यातून लातूरला पाणी जातं. पुढे ती बीदरवरून तेलंगणात येते. तिथं सिंगूरचा जलाशय आणि मांजरा बंधारा. तिथून हैदराबादला पाणी येतं, आणि पुढे नदी कंदकुर्तीला गोदावरीला मिळते. त्या वर्षी वरपासून खालपर्यंत मांजरा आटली. लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावं लागलं. इकडे हैदराबादचं मांजराचं पाणी बंद झालं आणि शहर कृष्णा आणि गोदावरीच्या पाण्यावर राहिलं. मिरजेचं पाणी म्हणजे कृष्णाच. म्हणजे त्या उन्हाळ्यात माझा लातूरचा भाऊ आणि इथला मी, दोघांचीही हक्काची मांजरा कोरडी, आणि दोघांच्याही तांब्यात कृष्णेचं पाणी.

तेव्हा आमच्या अपार्टमेंटमध्ये टँकरवरून मीटिंग झाली. वाद वाढला. एक गृहस्थ मला म्हणाले, “तुम लोगां बाहर से आ गए, इसलिएच पानी कम पड़ रा.” माझं डोकं फिरलं. मी उठून सगळा भूगोल ऐकवला. म्हटलं, तुमच्या नळाला इतकी वर्षं जे पाणी येत होतं ते माझ्या जिल्ह्यातून आलं, आधी पाणी आलं आणि मग मी आलो! दोघा-चौघांनी टाळ्या वाजवल्या. मी मोठ्या रुबाबात खाली उतरलो.

खाली आमचा वॉचमन टाकीजवळ दोन बादल्या भरून घेत होता. बिहारचा पोरगा, बायको आणि लहान मूल जिन्याखालच्या खोलीत. मी त्याला काय म्हणालो असेन? मी म्हणालो, “आम्हाला पाणी नाही आणि तुम्ही बाहेरचे लोक येऊन बादल्या भरता?” तो काही बोलला नाही. एक बादली त्याने परत टाकीत ओतली.

मी जिना चढून घरी आलो. हिने चहा दिला, तो काही घशाखाली उतरेना. वर मीटिंगमध्ये जे वाक्य मला लागलं होतं, तेच वाक्य पाच मिनिटांच्या आत मी खाली दुसऱ्याला मारलं होतं. दख्खनी आणि आफाकी मी पुस्तकात वाचले होते, त्या दिवशी दोघेही माझ्याच अंगात निघाले. संध्याकाळी मी खाली गेलो आणि एक बादली त्याच्या दाराशी नेऊन ठेवली. माफी मागितली का, तर नाही, तेवढं धाडस झालं नाही. त्याने “जी बाबूजी” म्हटलं आणि विषय संपला. त्याच्यापुरता संपला की नाही कोण जाणे. माझ्यापुरता संपलेला नाही, म्हणून आज तुमच्यापुढे सांगतो आहे.

मित्रहो, या शब्दापासून मी काय घेतलं ते सांगतो. दख्खन हे नाव रक्ताचं नाही, जातीचं नाही, भाषेचंही नाही. ते जागेचं नाव आहे, आणि जागेचं नाव तिथं राहणाऱ्याला मिळतं. दिल्लीहून आलेल्यांना मिळालं. मलिक अंबर तर आफ्रिकेतून गुलाम म्हणून आला, आणि त्याची गणनाही दख्खनच्या बाजूनेच होते. आपल्याला मिळायलाही हरकत नाही. पण राहणं म्हणजे नुसतं क्वार्टर मिळणं नव्हे. मी चाळीस वर्षं इथं राहून मला तेलुगू किती येत होतं? भाजीवालीशी घासाघीस करण्यापुरतं. बसची पाटी वाचायला शेजाऱ्याला विचारायचो. आपण गणपती बसवतो, मराठी नाटक करतो, दिवाळी अंक मागवतो, ते सगळं करावंच. पण आपल्या आरतीला शेजारच्या ब्लॉकमधली किती घरं येतात, आणि त्यांच्या बतुकम्माला आपल्यातल्या किती जणी जातात, हेही एकदा मोजावं.

निवृत्तीनंतर मी नातीच्या पहिलीच्या पुस्तकावरून तेलुगू बाराखडी शिकायला लागलो. ती माझी मास्तरीण, आणि फार कडक आहे. आता पाटी वाचता येते, वर्तमानपत्राचा मथळा लागतो. माझी कार्यकारिणीला विनंती आहे की पुढच्या वर्षीपासून रविवारी तासभर मंडळाच्या हॉलमध्ये तेलुगूचा वर्ग सुरू करावा, आणि आपल्या ज्या तेलुगू सहकाऱ्यांना मराठी शिकायचं असेल त्यांच्यासाठी मराठीचाही. खुर्च्या आहेत, फळा आहे, शिकवायला माझी नात तयार आहे. आणि जाता जाता आणखी एक. आज महाप्रसादाच्या पंगतीला आपापल्या इमारतीचे वॉचमन आणि त्यांच्या घरची मंडळी आहेत का बघा. नसतील तर मंडपाबाहेर जाऊन बोलावून आणा. पहिली पंगत त्यांची होऊ दे, आपण दुसरीला बसू.

नातीने परवा मला विचारलं, “आजोबा, शाळेत नेटिव्ह प्लेस लिहायला सांगितलंय, काय लिहू? केज की हैदराबाद?” मी म्हटलं, “दोन्ही लिही.” ती म्हणाली, “जागा एकच ओळ आहे.” मग मी अण्णांचं पोस्टकार्ड काढलं आणि तिला पत्त्याची शेवटची ओळ दाखवली. तिने अक्षराला अक्षर लावून वाचलं आणि वहीत उतरवून घेतलं. बाईंनी काय शेरा दिला ते अजून कळलेलं नाही.

मसालेभात थांबून आहे.  गणपती बाप्पा मोरया!